वरून घालायचं पाणी

बुधवार, १४ तारीख, सकाळ

ती. ताईस,

नमस्कार. तू, दाजी आणि बाबा ठीक असाल. मी ठीक, दुकानही ठीक. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे बसवतो आणि घरी येऊन स्वतःचा शोधतो. पत्र पाहून तू दचकशील, पण फोनवर तुला थापा मारायची मला सवय लागली आहे. कागदावर हात अडखळतो.

आधी एक बातमी. मी समुद्र पाळलाय. हसू नकोस. साठ लिटरची काचेची टाकी, तळाला वाळू, त्यावर भोकाभोकांचे दगड, एक पंप, एक हीटर. खास मीठ मिळतं, ते पाण्यात कालवायचं आणि मग दीड महिना नुसतं पाण्याकडे बघत बसायचं. कारण दगडांत चांगले जंतू वाढायच्या आत मासा सोडला तर तो स्वतःच्याच घाणीनं मरतो. दूध तापेपर्यंत ज्याला ओट्यापाशी उभं राहवत नाही, त्या माझे दीड महिना काय हाल झाले असतील बघ. दिवसातून तीनदा पाणी तपासायचो. माशांच्या दुकानाचा मालक शेवटी माझा फोन उचलेनासा झाला.

आता टाकीत एक नारंगी मासा आहे, शंखातले दोन खेकडे आणि एक पोवळं. पोवळं जिवंत असतं हे मला ठाऊक नव्हतं. खुशीत असलं की बोटं पसरतं. आठवडाभर पसरली, मग मिटून घेतली.

मधेच उठून बघून आलो. अजून मिटलेलंच आहे.

तू म्हणशील, मी विचारलं काय आणि हा सांगतोय काय. तू विचारलंस, बाबांची खोली तयार आहे का. ठरलं होतं, सहा महिने तुझ्याकडे, सहा माझ्याकडे. तुझे आठ होत आले. मी आधी सांगितलं रंगकाम चालू आहे, मग सांगितलं गवंडी येत नाही. रंगही नाही आणि गवंडीही नाही. टाकी बाबांच्या खोलीत आहे. पलंग ज्या भिंतीला लावायचा, त्याच भिंतीला. बाहेरच्या खोलीत जागा होती. माशांच्या दुकानाचा मालक म्हणाला होता, "विचार करून ठेवा, एकदा भरली की हलवता येत नाही." मी नीट विचार करून ठेवली.

मला बाबांची भीती वाटते. बेचाळीस वर्षांचा घोडा झालो तरी वाटते. शहराच्या पाणीपुरवठा केंद्रावर त्यांनी तीस वर्षं पाणी तपासलं आणि घरी येऊन मला तपासलं. "तुझ्या हाताला धीर नाही" हे त्यांचं वाक्य चष्म्याचा स्क्रू पिळताना अजून ऐकू येतं. तुला ते कधी असं बोलले नाहीत, म्हणून तुझ्यावरही राग धरला होता, तेही आज सांगून टाकतो. आता ते तुला आईच्या नावानं हाक मारतात. त्यांना काही आठवणार नाही आणि मला सगळं आठवणार, अशा घरात दोघांनी राहायचं कसं?

परवा मी फोन केला तो तिसरी थाप मारायला. तू बाजारात गेली होतीस, बाबांनी उचलला.

"कोण बोलतंय?"

"मी."

"मी कोण? केंद्रावरून का? नवीन लागलात?"

मी हो म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. पुढे काहीतरी बोलायला हवं, म्हणून तोंडाला आलं ते विचारलं. "साहेब, टाकीतलं मीठ वाढत चाललंय. पस्तिसावर हवं, एकेचाळीस झालंय."

"टाकी उघडी आहे?"

"हो. रोज बोटभर पाणी कमी होतं."

"मग वरून काय घालता?"

"मिठाचंच पाणी. टाकी खारी आहे म्हणून."

ते हसले. ताई, बाबा हसले. "अहो, वाफ पाण्याची होते, मीठ आत राहतं. वरून साधं पाणी घालायचं. तेही एकदम नाही, रोज थोडं थोडं. चुकतं हो सगळ्यांचं, घाबरू नका. सकाळच्या शिफ्टला या, मी दाखवतो."

फोन ठेवून मी त्या खोलीत जमिनीवर बसलो आणि रडलो. ज्या आवाजाची लहानपणापासून वाट पाहिली, तो बाबांकडे होता तर. फक्त माझ्यासाठी काढला नव्हता. फार राग आला. त्या नसलेल्या नव्या माणसाचा हेवा वाटला. आणि लाज वाटते सांगायला, पण तो आवाज मला पुन्हा ऐकायचाय, कुणीतरी दुसरा होऊन का होईना.

काल कपाट बाहेरच्या खोलीत ओढलं आणि पलंग समोरच्या भिंतीला लावला. तिथून उठलं की दोन पावलांवर दार आहे. पाणी अडतिसावर आलंय. पोवळं जगेल की नाही, सांगता येत नाही.

रविवारी त्यांना घेऊन ये. गोळ्यांची यादी मोठ्या अक्षरात लिही. दारात त्यांना "ओळखलंत का" असं विचारू नकोस, माझी ओळखही करून देऊ नकोस. ते मला विसरलेत याचं मला आता फारसं काही वाटत नाही. एखाद्या सकाळी ते मला ओळखतील, त्या सकाळची धास्ती आहे. त्या दिवशी मी तुला फोन करीन. हातातलं काम टाकून उचल, आणि मला सांग की घरातून निघू नकोस.

दाजींना नमस्कार.

सकाळच्या शिफ्टला हजर असलेला,
तुझा धाकटा भाऊ