शनिवारचा ग्रह

१ फेब्रुवारी १९९८
आजपासून रोजनिशी. जानेवारी दरवर्षी वायाच जातो, तो धरायचा नाही.

विषय ठरला. सप्तर्षींच्या पायाशी एक लाल बटू तारा आहे. आपल्या सूर्याच्या शेजारचाच, पण इतका मिणमिणता की दुर्बिणीशिवाय दिसत नाही. तारा बारका असला की त्याच्यासमोरून बारका ग्रह सरकला तरी उजेड कमी झालेला कळतो. अमेरिकावाले थोराड ग्रह शोधतायत. बारका मी शोधणार. मार्चअखेर.

दुर्बीण गच्चीवर. तिला सेन्सर, सेन्सरला काट्याचं मीटर. सगळं बॅटरीऐवजी एलिमिनेटर लावून घरच्या लाइटला जोडलं. उजेड कमी झाला की काटा खाली. सोपं आहे.

४ फेब्रुवारी
आबा, म्हणजे आमचे वडील, निवृत्त सुभेदार हिंदुराव. दोघं भाऊ फौजेत, थोरला लेहला, धाकटा महूला; मधला मी कडेगावात ज्युनिअर कॉलेजला शिकवतो. पाहुण्यांना ओळख करून देताना आबा दोघांचं सांगतात आणि माझी वेळ आली की चहा मागवतात. थांबा म्हणावं.

७ फेब्रुवारी, शनिवार
विहीर भावकीत सामाईक. आमची पाण्याची पाळी शनिवारी, जेवणं झाल्यावर. मोटर सोडायला मी जायचं, म्हणजे निरीक्षण बुडालं. असं विज्ञान होत नसतं. आबांना स्पष्ट सांगायचं ठरवलं. सौ.कडून सांगितलं. आबा म्हणे नुसते "बरं" म्हणाले.

१४ फेब्रुवारी, शनिवार
काटा पडला! आभाळ स्वच्छ, तारा जागेवर, आणि काटा खाली. आबा विहिरीवर असल्यामुळे सांगायला कुणी नव्हतं.

२१ फेब्रुवारी, शनिवार
पुन्हा! मधल्या सगळ्या रात्री काटा जागचा हलला नव्हता. म्हणजे ग्रहाचं वर्ष एका आठवड्याचं. निसर्ग किती नियमित आहे.

२२ फेब्रुवारी
सौ.ची तक्रार, शनिवारी टीव्हीवरची माणसं आक्रसतात. घरगुती बाबींना सध्या वेळ नाही.

२ मार्च
राजरत्न सर फिजिक्सला माझे सहकारी. त्यांना आकडे दाखवले. बराच वेळ बघून म्हणाले, ग्रह तिकडचा वाटत नाही, एकदा बॅटरीवर चालवून बघा. जळतात.

साताऱ्याच्या विज्ञान मेळाव्यात ५ एप्रिलला मला अर्धा तास दिलाय. पुण्याचे शास्त्रज्ञ येणार आहेत.

८ मार्च
आज स्टँडवर आबांनी त्यांच्या पलटणीतल्या दोस्ताला थांबवलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ह्यो आमचा मधला. ह्येनं ग्रह धरलाय." चहा मागवला नाही. माझं वय अडतीस. रुमाल काढला, धुरळ्याचं निमित्त केलं.

परत येताना म्हणालो, ग्रहाला तुमचं नाव देतो. घरी आल्यावर आबा गोठ्यात बराच वेळ नाक शिंकरत होते, असं सौ. म्हणाली.

२१ मार्च, शनिवार
राजरत्न सर ट्रॅक्टरची बॅटरी घेऊनच आले. जोडली. काटा ढिम्म. घरच्या लाइटला जोडलं, काटा खाली. पुन्हा बॅटरी, ढिम्म. यावरून बॅटरी खराब आहे हे सिद्ध झालं. सर काही न बोलता चहा पिऊन गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

२८ मार्च, शनिवार. पाडवा
आबांना ताप. तरी पाळी चुकायला नको म्हणून उशिरा, काठी टेकत विहिरीवर गेले. काटा ताठ. वाट बघितली. खालून मोटरचा आवाज आला आणि काटा पडला. त्याच क्षणी घरातनं सौ. ओरडली, माणसं आक्रसली.

घर आणि मोटर विजेच्या एकाच डांबावर आहेत, मोटर लागली की घरची लाइट उतरते, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

सांगायचंच, म्हणून विहिरीवर गेलो. आबा गुडघ्यापर्यंत चिखलात, कानाला मफलर. मला दुर्बीण सोडून आलेला बघून आधी घाबरले, मग म्हणाले, "दिसला का रं?"

दिसला म्हणालो.

२ एप्रिल
आबांनी कोटाला मेडलं लावली. साताऱ्याला पुढच्या रांगेत बसणार आहेत. मी उरलेली एक शक्यता तपासली. आता एकही शक्यता उरली नाही.

५ एप्रिल
साताऱ्याला गेलो नाही. पुण्याचे साहेब आजारी पडले, मेळावा पुढे गेला, असं आबांना सांगितलं. यावेळी सौ.ने सांगायला नकार दिला, म्हणून मलाच सांगावं लागलं. आबांनी मेडलं एकेक काढून डबीत ठेवली. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. शनवारी मी मोटर येळंवर सोडतो. तू तुजा ग्रह बघ."

मी बरं म्हणालो.