आईची पोस्टकार्डं

सातारा, रविवार, १७ फेब्रुवारी १९६३

चुलतभाऊ नानानं लिहिलेला आमचा कुलवृत्तांत आज त्याच्याच घरी मुक्कामात वाचला. आईबद्दल एकच ओळ: 'पत्नी जानकी, वाईची.' मग सांगलीहून तिनं मला लिहिलेली पोस्टकार्डं यानं मागून कशाला नेली? लोणचं नासलं, धाकटीला गोवर आला, कृष्णेला पाणी चढलं... तिचं अक्षर तेवढंच उरलं होतं.

"कार्डं परत दे," म्हटलं.

"अरे, त्यात इतिहास कसला? गोवर आणि लोणचं! सनदा ठेवल्यात जपून."

"पण कार्डं?"

"सकाळी बंबात घातली. तूच म्हणालास ना, पाणी झकास तापलंय?"

म्हणालो होतो. शिसारी आली. त्याची की माझी? गोवर आणि लोणचं म्हणे! त्याच पाण्यानं मी अंग चोळून आंघोळ केली, वर आणखी एक बादली मागून घेतली.