एकाच नावाची पाचवी नोंद

१२ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. माझं ठीक चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण वाचनालयाचा जिना अजून चढते. तुझं पत्र मिळालं, सोबतचं नाटकाचं छापील पुस्तकही.

पुस्तक आलं की माझे हात आपोआप कामाला लागतात. आमच्याकडे समान नावांची वही आहे. वाचक नुसतं नाव सांगतात आणि भलतंच पुस्तक घरी नेतात, म्हणून मीच ती सुरू केली. ‘अजून दोन मिनिटं’ या नावाखाली आधीच चार नोंदी होत्या: धावण्याच्या सरावावरचं एक पुस्तक, एक रहस्यकथा, एका प्रेमगीताची तबकडी आणि अकरा वर्षांपूर्वी मी आईवर लिहिलेलं छोटंसं पुस्तक. गेल्या महिन्यात एका आजोबांनी माझं पुस्तक धावण्याचं समजून नेलं. परत करताना म्हणाले, “बाई, यात तर कुणी अंथरुणातून उठतच नाही.” मलाही हसू आलं.

पाचवी नोंद तुझी.

तू लिहितोस, नावावर कुणाची मालकी नसते. हे मला शिकवू नकोस, माझा जन्म यात गेला. त्या चौघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही, म्हणून एका पानावर सुखाने नांदतात. तुला मात्र माझ्या सहीची चिठ्ठी हवी आहे, वर्तमानपत्राला दाखवायला, की तुझ्या नाटकाचा माझ्या पुस्तकाशी काहीही संबंध नाही. धन्य आहे तुझी.

नाटक मी पाहिलंय. तुला न कळवता, चौथ्या रांगेत बसून. आई मुलाचा हात धरून म्हणते, “अजून दोन मिनिटं बस.” लोक डोळे पुसत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू कधी धरला होतास रे तिचा हात? सात महिने तिचं सगळं मी केलं. ती गेल्यावर चौथ्या दिवशी तू उगवलास. आणि नाटकात बहीणच नाही. माझी सगळी कामं तू एका परिचारिकेला देऊन टाकलीस, तीही गोड बोलणारी.

इथवर लिहून पत्र पाकिटात घालणार होते. मग कपाटातून माझं पुस्तक काढून वाचलं. त्यात आई माझा हात धरून तेच वाक्य म्हणते. तेही खोटं आहे.

झालं ते असं. पाचला येतो, असं तू फोनवर म्हणाला होतास. तिने मला दार उघडं ठेवायला लावलं. साडेसात वाजले, गार वारा आत येत होता, मी कावले होते. दार लावायला उठले तर म्हणाली, “अजून दोन मिनिटं.”

“तो येत नाही, आई. तो कधीच येत नाही,” मी म्हणाले आणि दार लावलं.

तिने भिंतीकडे तोंड केलं. नंतर ती माझ्याशी बोललीच नाही. सकाळी गेली.

ते वाक्य तुझ्यासाठी होतं. मला त्याचा हेवा वाटला, म्हणून पुस्तकात मी ते माझं करून टाकलं.

चिठ्ठी देणार नाही. वार्ताहर सोमवारी वाचनालयात येतोय. त्याला मी दोन्ही पुस्तकांचं सांगणार आहे, दार लावल्याचंही. तुझं काही वेगळं म्हणणं असेल तर आधी समोर येऊन सांग. रविवारी मी घरीच आहे. पण तुझी वाट बघणारं आता इथे कुणी राहिलेलं नाही.

तुझ्या नाटकात नसलेली,
ताई