बगळ्याच्या वरचा कागद

गुरुवार, संध्याकाळ

सलीमचाचांच्या दुकानातून फ्रेम आणली आणि तेव्हापासून घरात नुसत्या येरझारा घालतेय.

रविवारच्या प्रदर्शनात लागणारं माझं पहिलं जपानी शाईचं चित्र. खाली कोपऱ्यात रंकाळ्यावरचा बगळा, मान उंच केलेला, आणि वर सगळा कोरा कागद. या कागदावर फटकारा एकदाच मारायचा, पुन्हा गिरवता येत नाही. कितीतरी कागद वाया गेल्यावर हा एक बगळा जमला होता. आणि चाचांनी वरचा कोरा भाग कापून टाकला. बगळ्याची चोच आता थेट लाकडाला टेकलीय.

"रिकाम्या जागंला काच कशाला घालायची? आता कसं आटोपशीर दिसतंय बघ की," म्हणाले. कापलेली पट्टीही नीट गुंडाळून दिली. "घे, कोराच हाय. दुसरं चित्र काढ त्यावर."

चिडायला हवं होतं. का नाही चिडले? शाळेतली माझी चित्रंसुद्धा याच माणसानं हौसेनं फ्रेम केली, म्हणून? "छान झालंय चाचा," एवढंच बोलून आले. रविवारी हेच लावायचं? चोच लाकडाला टेकलेला बगळा?

मघाशी ती पट्टी टेबलावर पसरली. म्हटलं, काढू काहीतरी. शाई उगाळली, ब्रश भिजवला, आणि हात तसाच राहिला.

त्या कागदावर आकाश आहे. मीच काढलेलं.