सही माझी, घण त्यांचा

४ मार्च, सकाळ
मला अक्षरओळख नाही. मी बोलते, मोबाईल लिहितो. मला वाचता येत नाही, म्हणजे हे कुणालाच वाचता येणार नाही. गुपित पक्कं.
परसात स्वयंपाकघराला लागून असलेल्या गॅरेजचं माझ्यासाठी घर होणार. मुलगा म्हणाला, आई, पंधरा दिवसांत. मला एकच हवंय, आतून कडी लागणारं दार. बावन्न वर्षांत या घरात धड एकटीने रडता आलं नाही, कुणीतरी पाणी मागायला येतंच. कडी आजच आणवली.
गवंड्याने काय पाडायचं, काय ठेवायचं ते प्लंबरसकट सगळ्यांना समजावलं. मी डोळे मिटून ऐकलं. सून म्हणते, घोरत होतात.
सुपरव्हिजन माझी.

६ मार्च
घणाने कानठळ्या बसल्या. गॅरेजमधली माझी लाकडी पेटी कुणी हलवू नये म्हणून तिच्यावर खडूने सही केली. माझी सही म्हणजे फुली. पेन्शनवालेसुद्धा मानतात.

७ मार्च
पेटीच्या ढलप्या. हे प्लंबरचंच काम, डोळ्यांत पाप दिसतं मेल्याच्या. नडगीवर काठी घातली. तो कळवळून मागे सरला, त्याचा पाना गवंड्याच्या कपाळात. गवंड्याने थापी फेकून मारली. दोघेही रक्तबंबाळ. मी मध्ये पडले म्हणून निभावलं. सुरुवात मी केली खरी, पण हळू मारलं होतं.

९ मार्च
स्टुलावर सही केली होती. त्याचेही तुकडे. प्लंबर तर टाके घालून घरी पडलाय. म्हणजे माणसं पाठवून करतो.

१० मार्च, दुपार
आता गॅरेज आणि स्वयंपाकघराची मधली भिंत. पलीकडे सून, अलीकडे मी, मध्ये ही, म्हणून तर शांतता. भिंतीला धक्का लागता कामा नये. स्टूल नाही म्हणून काठीला खडू बांधून या टोकापासून त्या टोकापर्यंत सही ठोकली. बघू, कुणाची माय व्यालीय. आता जरा पडते.

१० मार्च, संध्याकाळ
भिंत पडली. पलीकडची मांडणी भांड्यांसकट सुनेच्या पायावर. मुलाने गवंड्याची गचांडी धरली, गवंड्याने कोपर मारलं, मुलाचा दात माझ्या मांडीवर येऊन पडला. गवंडी ओरडला, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, फुली असेल ते पाडायचं. एवढी मोठी फुली त्याने जन्मात पाहिली नव्हती म्हणे.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वर पाहिलं. छप्पर होतं अजून.

१९ मार्च
पंधरा दिवस झाले. काम बंद. गॅरेज आणि स्वयंपाकघर मिळून एकच खोली, तिच्यात माझी कॉट. कॉट शाबूत आहे, तिच्यावर सही करण्याआधी खडू संपला. कडी उशाखाली.
आज जरा डोळे भरून आले. तोंड फिरवायला भिंत नाही. सून लंगडत आली, म्हणाली, आई, पाणी हवंय का.
हवं होतं.