बांधाची उंची

दि. ९ सप्टेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज चढला की तुम्ही फोन आईच्या हातात देता, म्हणून लिहितेय.

वादळात तुमच्या बॅटरी कारखान्याच्या सांडपाण्याचा तलाव फुटला, त्याला आज बारा दिवस झाले. खालच्या वस्तीतल्या एकवीस विहिरी आम्ही तपासल्या. सतरांत शिसं आहे. एका बाईने विचारलं, पाणी उकळून मुलांना दिलं तर चालेल ना? उकळून शिसं जात नाही, हे मला तिला सांगावं लागलं. ती रोज तेच पाजत होती.

कंपनी म्हणते, असं वादळ शंभर वर्षांतून एकदा येतं. बाबा, माझ्या संशोधनात गेल्या नऊ वर्षांत अशी तीन वादळं नोंदली आहेत. तो बांध तुम्ही बांधलात. उंची कशावरून ठरवलीत, एवढंच कळवा.

रागावलेली, तरी तुमचीच,
ठिणगी


दि. १४ सप्टेंबर

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या आईनेच आधी फोडलं, तेव्हा तुझी युक्ती फुकट गेली.

उंची मागच्या चाळीस वर्षांच्या पावसावरून काढली होती. गणितात चूक नव्हती, हवं तर तपासून बघ. आभाळच बदललं, त्याला मी काय करू? त्या कंपनीवर आपलं घर तीस वर्षं चाललं, तुझं शिक्षणही. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत.

आईचा गुडघा दुखतोय. वेळेवर जेवत जा.

तुझे,
बाबा


दि. १८ सप्टेंबर

ती. बाबांस,
नमस्कार.

मी वासे मोजत नाहीये, शिसं मोजतेय.

आभाळ बदललंय हे तुम्हाला कधी कळलं? आईने परवा फोनवर सगळं सांगितलं. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी तुम्ही बांध दीड मीटरने वाढवा असं लिहून दिलं होतंत. साहेबांनी ते मागे घ्यायला सांगितलं, आणि तुम्ही घेतलंत. नंतर आठवडाभर तुम्हाला जेवण गेलं नाही म्हणे. बाबा, तुम्ही उपाशी राहिलात म्हणून त्या मुलांच्या पोटातलं शिसं कमी होणार आहे का? साहेब तर नालायक होतेच. पण तुम्ही? शाळेच्या वहीत एक आकडा खोडला तर मला पान पुन्हा लिहायला लावणारे तुम्ही!

सव्वीस तारखेला चौकशी समितीपुढे सुनावणी आहे. साक्षी बंद खोलीत होतील. कंपनीचा वकील म्हणणार, की कुणालाच कल्पना नव्हती. तुम्ही याल का, असं विचारत नाहीये. या.

ठिणगी


दि. २७ सप्टेंबर

चि. ठिणगीस,
आशीर्वाद.

काल तू बाहेर बाकावर बसली होतीस, आणि मी मागच्या दाराने निघून आलो. भेटलो असतो तर तू मला तिथेच माफ केलं असतंस. ते मला नको होतं.

वकिलाने विचारलं, अशा वादळाची कुणाला कल्पना होती का? मला होती, असं सांगून मी माझ्या पत्राची प्रत पुढे ठेवली. तो हसून म्हणाला, की हे पत्र मागे घेतल्याचं तुमच्याच अक्षरात आमच्याकडे आहे. मग तेही मोठ्याने वाचा, असं मी म्हटलं. त्याने वाचलं. स्वतःचीच वाक्यं ऐकताना त्या साहेबापेक्षा माझाच मला जास्त संताप आला.

विहिरी बंद करून वस्तीला टँकरचं पाणी द्या, असा हुकूम झाला. पुढचा खटला चालेल, माझ्यावरही. चालू दे. जुन्या सहकाऱ्यांपैकी एकाने आज रस्त्यात तोंड फिरवलं. मी त्याला हाक मारून थांबवलं आणि विचारलं, की कंपनीच्या बाकीच्या दोन तलावांचं काय करताय?

ते दोन्ही बांधही माझेच आहेत. एकाच्या खाली शाळा आहे. सकाळपासून गणित नव्याने मांडून बसलोय, पण माझ्याकडे जुनाच पाऊस आहे. तुझ्या नऊ वर्षांच्या नोंदी हव्यात. टपालाने नको, स्वतः घेऊन ये. या वेळी लिहिलेलं मागे घेणार नाही.

लोभ असू दे म्हणायला तोंड नाही. राग मात्र कमी करू नकोस.

बाबा