हात मागे!

ता. ३ ऑगस्ट

चि. धाकटोबास अ. उ. आ.

मुख्याध्यापक झालास तेव्हा गल्लीभर कौतुक सांगत हिंडले, त्याची आता लाज वाटते. आमच्या पिपाणीला तू महिनाभर शाळाबंदी केलीस. गुन्हा काय, तर तिच्या वर्गातला दांडगट सातवीतल्या मुलीला नळापाशी बुकलत होता आणि हिनं त्याला ओढून बाजूला केलं. मारणारा, मार खाणारी, सोडवणारी, तिघांना एकच शिक्षा! चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं; तू तर ज्याच्या घरी चोरी झाली त्यालाही लटकवलंस.

पोरीची दहावी आहे. हजेरी कमी भरली तर परीक्षेला बसू देणार नाहीत, हे तुला मी सांगायचं? मामा असा का वागला, म्हणून सारखी विचारते.

लोभ तूर्त फळीवर ठेवलाय.

तुझी ताई

ता. १० ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

भाचीसाठी नियम वाकवला तर लोक तोंडात शेण घालतील. 'हात लावला की घरी' हे मी रोज प्रार्थनेनंतर वदवून घेतो. आता कुठे गडबड झाली की मुलं हात मागे बांधून भिंतीला लागतात. संस्थेचे अध्यक्ष बघून थक्क झाले. कृपया अपवाद मागू नये.

रागातही लोभ राहू द्यावा.

आपला धाकटा

ता. १९ ऑगस्ट

चि. धाकटोबास अ. उ. आ.

शिपाई सगळं सांगून गेला. ओल्या जिन्यावरून घसरलास, पाय मोडला, 'उचला रे' म्हणून ओरडलास. आणि अख्खी शाळा हात मागे बांधून भिंतीला उभी! एकानं अदबीनं विचारलं म्हणे, सर, हे हात लावण्यात धरतात का? अध्यक्षांना बोलवायचं होतंस, अशी शिस्त त्यांनी बापजन्मी पाहिली नसेल. वाईट वाटलं, पण हसूही आलं, खोटं कशाला बोलू?

मामा घरी एकटा, त्याला पाणी कोण देणार, म्हणत पिपाणी चपला घालून निघाली होती. मी दारातच अडवलं. तुला उठवून बसवायचं तर हात लागणार आणि तिची बंदी वाढायची. आधी लेखी परवानगी धाड, शाळेच्या शिक्क्यासह.

लोभ अजून फळीवरच आहे.

ताई

ता. २० ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

नियमात दुरुस्ती केली आहे. पडलेल्याला उचलणं आणि मार खाणाऱ्याला सोडवणं, दोन्ही माफ. पिपाणीनं सोमवारी वर्गात बसावं, बुडालेली हजेरी मी भरून देतो. त्या सातवीतल्या मुलीलाही बोलावलं आहे.

शिक्का शाळेत राहिला, सहीवर भागवून घे. लोभ फळीवरून काढ आणि पोरीला लगेच पाठव. पाण्याचा तांब्या टेबलावर आहे, माझा हात पोचत नाही.

धाकटा